अनुक्रमांक सात, पादचारी पूल

श्री. बबन तुकाराम ओव्हाळ, वय वर्षे बावन्न, पद कनिष्ठ लिपिक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, अतिरिक्त कार्यभार जनसंपर्क, राहणार लुंबिनी चाळ, नाल्यापलीकडे. उंची मध्यम, वर्ण सावळा, ओळखीची खूण म्हणजे शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. पैकी हिरव्या शाईने सही करण्याचा अधिकार नसल्यामुळे ते केवळ बाळगण्यात येते. सदर कर्मचारी सेवेत एकनिष्ठ, मितभाषी व निरुपद्रवी असून त्यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. शहराच्या कायापालटाचे शिल्पकार म्हणून ज्यांचा उल्लेख करावा लागेल, त्यांत त्यांचा क्रमांक बराच वरचा आहे, कारण आजपर्यंत जो काही कायापालट झाला तो त्यांच्याच टेबलावर झाला.

नगरपालिका कोणती, हे लिहीत नाही. अंबरनाथकरांना ती बदलापूरची वाटेल, बदलापूरकरांना अंबरनाथची, आणि दोन्हीकडे समाधान राहील. उल्हासनगरकरांना काहीच वाटणार नाही, कारण त्यांच्याकडे महानगरपालिका आहे, महापौर आहे आणि या गोष्टी ते मोठ्या प्रमाणावर पाहतात. आमच्याकडे आपले नगराध्यक्ष. हिंदुरावदादा. व्यवसाय वीटभट्टी, पाण्याचे टँकर आणि त्या वर्षांत नगराध्यक्षपद.

ओव्हाळ जनसंपर्कात आले ते एका मयतामुळे. एक नगरसेवक वारले आणि सभेत शोकप्रस्ताव मांडायचा होता. मृत्यूचं काम म्हणून फाइल आपसूक ओव्हाळांच्या टेबलावर आली. त्यांनी जो दीड पानी प्रस्ताव लिहिला तो ऐकून सभागृह गहिवरलं. दिवंगतांच्या पत्नीने नंतर त्याची प्रत मागून घेतली आणि हळूच विचारलं, "हे आमच्याच ह्यांच्याबद्दल हाय ना?"

दादांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. "मेलेल्या माणसाचं येवढं चांगलं लिवतो हा, तर माझं काय वाईट लिवील?"

तेव्हापासून दर प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की दादा शाळेच्या मैदानावर नागरिकांना निवेदन वाचून दाखवत. 'बदलते शहर, बदलता नागरिक' असं त्याचं नाव असे. चार पानं, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेले दादा. त्यात वर्षभरात शहर कसं सुधारलं आणि त्या सुधारण्यात लोकांनी कसा भाग घेतला याची माहिती असे. दादा ते निवेदन आधी वाचत नसत. त्यामुळे शहराची प्रगती त्यांनाही त्याच दिवशी कळत असे आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य अस्सल वाटे.

ओव्हाळांची लेखनपद्धती साधी होती. एखादं काम पहिल्या वर्षी 'प्रस्तावित' असे. दुसऱ्या वर्षी ते 'मंजुरीच्या अंतिम टप्प्यात' जाई. तिसऱ्या वर्षी 'प्रगतिपथावर'. चौथ्या वर्षी लोक ते विसरलेले असत आणि मग त्याला निवृत्त करता येई. जॉगिंग ट्रॅक या मार्गाने गेला आणि शेवटी तिथे रान माजल्यावर 'निसर्गरम्य हरितपट्टा' म्हणून स्थिरावला. ज्येष्ठ नागरिक कट्टा मात्र खरोखर बांधला, रिक्षा स्टँडच्या मधोमध, आणि त्यावर ज्येष्ठ रिक्षावाले बसत. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी दादांच्या टँकरवर चाललं. स्वच्छता मोहिमेच्या दिवशी चौक आदल्या दिवशीच झाडून ठेवल्याने पाहुण्यांना झाडायला पाला कमी पडला, तो बागेतून आणून पसरावा लागला. ओव्हाळांनी लिहिलं, 'शेकडो हात उत्स्फूर्तपणे पुढे सरसावले.' पाला पसरणारे धरले तर ते अगदीच खोटं नव्हतं.

हे सगळं लिहून ओव्हाळ संध्याकाळी घरी निघत, नाल्याशी येत, चप्पल हातात घेत आणि विजेच्या एका आडव्या खांबावरून पलीकडे जात.

लुंबिनी चाळ आणि उरलेलं शहर यांच्यामध्ये तो नाला होता. वरच्या कारखान्यांत त्या दिवशी काय चाललंय त्याप्रमाणे त्याचा रंग ठरे. पूर्वी त्यावर लाकडी फळ्या होत्या. दोन हजार पाचच्या पुराने त्या नेल्या आणि जाताना कुठूनसा सिमेंटचा खांब आणून दोन्ही काठांवर नीट आडवा टाकून दिला. त्या वॉर्डात त्या काळात पूर्ण झालेलं ते एकमेव काम.

त्या खांबावरून पुढच्या वर्षी अंजनाबाई घसरल्या. अंजनाबाई म्हणजे ओव्हाळांच्या पत्नी. पावसाळ्यातले, वर्षावासाचे दिवस होते. विहार नाल्याच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला. तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले आणि गेली कित्येक वर्षं वाचायला त्याच बसत. आवाज खणखणीत, कुणी जांभई दिली तर वाचन थांबवून "काय गं, झोप झाली नाही का?" असं विचारायची पद्धत. त्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून निघाल्या आणि मधोमध पाय सटकला. नाल्यातून वर काढलं तेव्हा साडी जांभळी होती आणि गुडघा गेला होता. गुडघा पुढे बरा झाला, पण खांबावर रोज चढण्याउतरण्याइतका नाही. चाळीच्या मागे कारखान्याची भिंत, तिच्यातलं फाटक कायम बंद. त्यामुळे अंजनाबाई चाळीत राहिल्या आणि वाचन विहाराशेजारच्या आळीतल्या कुमुदिनीकडे गेलं. तिचा आवाज दुसऱ्या सतरंजीपर्यंत पोचत नसे.

ओव्हाळांनी पुलासाठी अर्ज केले. आपल्याच कार्यालयात, आपल्याच अक्षरात. प्रत्येक अर्जाची 'नोंद घेण्यात आली.' हे वाक्यही त्यांचंच होतं. जन्म-मृत्यू विभागातून ते सगळ्या कार्यालयात पसरलं होतं.

"अहो," अंजनाबाई दारात बसून म्हणत, "गावाला तुम्ही कारंजं दिलंत, बाग दिलीत, म्हाताऱ्यांना कट्टा दिलात. मला एक फळी द्या की."

"प्रस्तावित आहे."

"प्रस्तावित काय? मी बायको आहे तुमची, नागरिक नाही."

तर दोन हजार सातच्या जानेवारीत निवेदन छापायला गेलं, तेव्हा ओव्हाळांना एक युक्ती सुचली. तिला मागच्या वर्षीचा आधार होता. मागच्या वर्षी छापखान्यात एक ओळ इकडची तिकडे झाली आणि एक सार्वजनिक नळ 'प्रस्तावित'मधून थेट 'पूर्ण झालेल्या कामां'त जाऊन बसला. दादांनी तो झेंड्यासमोर वाचला. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी सगळ्यांच्या आया-बहिणी काढल्या आणि आठवडा संपायच्या आत नळ बसला. यावरून ओव्हाळांनी असा निष्कर्ष काढला की, एकदा दादांच्या तोंडून काम पूर्ण झालं की ते करावंच लागतं. नळ दादांच्या स्वतःच्या वॉर्डात, त्यांच्या सासुरवाडीच्या दारात होता, हा तपशील त्यांनी विचारात घेतला नाही. लिहिणाऱ्या माणसाचा लिहिलेल्यावर विश्वास बसतो, तो असा.

छापखाना उल्हासनगरात, कॅम्प दोनला. मालक हासानंदशेठ. ते मुद्रित स्वतः पाहत.

"साईं, हे सात नंबर नवीन हाय काय? पूर्ण झालेली कामं कालतक तर छहच होती."

"एक वाढलंय."

"पूल बन गया? तुमच्या चाळीचा?" हासानंदशेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे भाई, परसों तो मी उधरनं गेलो. खंभा पडा है उधर."

"शेठ, तुम्ही छापा ना."

"छापतो, छापतो. मेरा क्या जाता है. मी शादीचे कार्डपण छापतो, आगे जोडी टिको न टिको."

प्रजासत्ताक दिनी मैदान भरलं होतं. दादांनी कागद हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली. सहा कामं पूर्ण झाली, टाळ्याही पडल्या. "अनुक्रमांक सात," दादा म्हणाले. "लुंबिनी चाळ परिसरास मुख्य रस्त्याशी जोडणारा पादचारी पूल. महिला व ज्येष्ठांची अनेक वर्षांची गैरसोय या पुलामुळे कायमची दूर झाली आहे."

टाळी पडली नाही. चाळीतली माणसं एकमेकांकडे बघत होती. टाळी पडली नाही की पदरचं घालायचं, ही दादांची जुनी सवय.

"आन मी सांगतो तुमाला," ते म्हणाले, "मी सोता त्या पुलावरनं चालून आलोय. असा मजबूत पूल, ट्रक गेला तरी हलायचा नाय!"

आता पडली. चाळीतल्या कौसाबाई बचत गटाचं बक्षीस घ्यायला पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या ओव्हाळांकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "कंचा पूल रं बबन?"

ओव्हाळ झेंड्याकडे बघत राहिले. चाळीतले तिघे-चौघे जिलबी न घेताच उठले आणि पूल बघायला घरी गेले.

घरी अंजनाबाई दारातच होत्या. कर्ण्याचा आवाज नाल्यापलीकडे उत्तम येई.

"पूल झाला म्हणे आपला."

"होईल आता."

"दादा चालून गेले म्हणे त्याच्यावरून. मी तर दिवसभर इथंच बसलेली असते. मला नाही दिसले."

"अगं, ही एक पद्धत असते, अंजना. आधी चारचौघांत बोलून टाकायचं. मग करावं लागतं."

"लग्नाच्या वेळी तुम्हीपण चारचौघांत बरंच बोलला होतात," अंजनाबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

सोमवारी ओव्हाळ बांधकाम विभागात इंजिनिअर निमसे यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. निमसे तरुण होते, हसरे होते आणि नाही म्हणताना चहा मागवत.

"साहेब, तो पूल. दादा बोलून बसलेत. करून टाकू या."

"कुठला पूल?"

"सात नंबर."

"तो झालाय ना, ओव्हाळ." निमसेंनी निवेदन पुढे ओढलं. "हे बघा. पूर्ण झालेली कामं."

"साहेब, मीच लिहिलंय ते."

"मग तर झालंच. झालेल्या कामाचा परत प्रस्ताव कसा घेऊ मी? एकच पूल दोनदा बांधला म्हणून चौकशी लागेल. तुमचा अर्ज चालू होता, तो मी आज सकाळीच निकाली काढला. 'काम झाले असल्याने' असं लिहून." त्यांना ओव्हाळांचा चेहरा बघवेना. "दुरुस्तीत बसवून बघू का? पण दुरुस्तीला आधी पाहणी लागते आणि पाहणीत पूल दिसावा लागतो. चहा घ्या."

ओव्हाळांनी चहा घेतला. नाही म्हणायला त्यांना कधी जमलं नव्हतं, तेही त्यांच्या सेवापुस्तकात सद्गुण म्हणून नोंदलेलं असणार.

तिथून ते दादांकडे गेले, सगळं सांगून टाकावं म्हणून. दादा खुशीत होते.

"ओव्हाळ, या! काय लिवलं राव तुमी! लोकं इचारत्यात, पुलाचं लोकार्पण कदी? आपन इसरलोच की. पूल झाला आन फीत नाय कापली, हे बरं दिसतं का?"

"दादा, त्या पुलाचं असं आहे की..."

"बायांच्या हातनं करू. येका गरजू बाईचा सत्कार करू. शाल, नारळ. हाय का कुनी तुमच्या चाळीत, गुडघ्याबिडघ्याची?"

"आहे," ओव्हाळ म्हणाले. त्यांना माहिती विचारली की ते माहिती देत.

लोकार्पण मार्चमध्ये झालं. अलीकडच्या काठावर मांडव पडला, बँड आला, कोनशिलेवर साटिनचा पडदा आला. कोनशिलेवर एकोणीस मान्यवरांची नावं होती, तेवढी माणसं दोन्ही काठ धरूनसुद्धा त्या पुलावर मावली नसती. खांबाच्या तोंडाशी दोन बांबू रोवून लाल फीत बांधली होती. पलीकडच्या काठावर चाळ जमली होती आणि सर्वांच्या पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्कारमूर्ती अंजनाबाई, पांढऱ्या साडीत.

दादा गाडीतून उतरले, हात जोडत काठापर्यंत आले आणि थांबले.

"निमसे," ते ओठ न हलवता म्हणाले, "पूल कुटाय?"

"हाच, दादा."

"ह्यो?"

"निवेदनात हाच आहे."

दादांनी खांबाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, नाला त्या दिवशी पोपटी होता, मग फोटोग्राफरकडे पाहिलं. राजकारणात माणूस वर उगाच जात नाही. "कात्री आना," ते म्हणाले, आणि फीत कापली. बँड वाजला.

सत्कार मात्र अडला. शाल अलीकडे, खांदे पलीकडे.

"ताई, या की हिकडं!" दादांनी माइकवरून हाक मारली.

"तुम्हीच या ना, दादा!" अंजनाबाईंना माइकची गरज नव्हती. "पूल तुमचा आहे. एकदा चालून आलात म्हणे, वाट ओळखीची असेल."

चाळीतून हशा उठला. कौसाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ट्रक घेऊन या रं बाबा, हलायचा नाय तो!"

दादाही हसले. हसता हसता त्यांनी शाल आणि नारळ ओव्हाळांच्या हातात दिले. "जनसंपर्क तुमचा ना? मंग करा संपर्क."

ओव्हाळांनी सवयीने चप्पल काढून हातात घेतली, मग दोन्ही हात भरलेले पाहून ती परत ठेवली आणि शाल-नारळ सांभाळत खांबावरून निघाले. माइकवर दादा सांगत होते की, बघा, आमचे कर्मचारी जनतेच्या दारात जाऊन सेवा देतात. ओव्हाळ पोचले. त्यांनी नगराध्यक्षांच्या वतीने, समस्त शहरवासीयांच्या वतीने स्वतःच्या बायकोच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या.

अंजनाबाईंनी शाल नीट सारखी केली. नारळ कौसाबाईंना दिला. मग खुर्चीच्या मागून एक पिशवी उचलली. ती तिथे आहे हे ओव्हाळांनी पाहिलं नव्हतं.

"हात धरा," त्या म्हणाल्या.

"अगं, कुठे?"

"पलीकडे. पूल झालाय ना? मग वापरते."

"गुडघा..."

"रोज चढणं-उतरणं जमायचं नाही, म्हणून थांबले होते. एकदाच जायचं असेल तर काय, बसूनसुद्धा जाता येतं."

आणि त्या बसल्याच. दोन्ही पाय नाल्यावर सोडून, एक हात ओव्हाळांच्या हातात आणि दुसरा खांबावर टेकवत, इंच इंच सरकत निघाल्या. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, ते थांबले. फोटोग्राफरने मात्र वेळ साधली. मधोमध, जिथे त्या घसरल्या होत्या तिथे, अंजनाबाई क्षणभर थांबल्या. ओव्हाळ काहीतरी बोलणार होते. "तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या, "नुसतं धरा."

अलीकडे आल्यावर दादांनी वाकून नमस्कार केला, त्यांनी जय भीम केला. मग सरळ रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली.

"कॅम्प चार. बहिणीकडे," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, आणि ओव्हाळांनाही त्यावरूनच कळलं.

"परत कधी येणार, अंजना?"

"पूल झाला की." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "खरा. तुम्ही लिहिलेला नको."

पुढे पावसात नाल्याला पाणी आलं आणि पुराने दिलेला खांब पुरानेच परत नेला. चाळीने निदान नवा खांब टाकून द्या असा अर्ज केला. त्या ठिकाणी लोकार्पित पूल अस्तित्वात असल्याने खांबाची आवश्यकता दिसून येत नाही, असं निमसेंनी खेदपूर्वक कळवलं. चाळीने दोन बांबू बांधून घेतले. ओव्हाळ त्यावरून जा-ये करतात, सकाळी पोळीभाजी विकत घेतात आणि रविवारी उल्हासनगरला जातात. मेहुणीच्या घरी त्यांना पाहुण्यासारखा चहा मिळतो. वर्षावासात कॅम्प चारच्या विहारात वाचायला अंजनाबाई बसल्या. तिथे कुणी जांभई देत नाही म्हणतात.

जानेवारी दोन हजार आठचं निवेदनही ओव्हाळांनीच लिहिलं. दादांनी ते तितक्याच आश्चर्याने वाचलं. तिसऱ्या पानावर फोटो आहे: शाल पांघरलेली एक महिला, शेजारी हात धरून उभा कर्मचारी, खालचा नाला कापून टाकलेला. फोटोखाली मजकूर आहे, 'लुंबिनी चाळ पादचारी पुलाचा लाभ घेताना स्थानिक महिला. सदर पुलामुळे परिसरातील महिलांच्या दळणवळणात लक्षणीय वाढ झाली असून कुटुंबे जोडली गेली आहेत.'

अंजनाबाई अजून उल्हासनगरलाच आहेत.